दिनूभाऊंच्या तराजूतली माझी कॅसेट

दिनूभाऊ आज सकाळी गेले. मला रडू आलं नाही.

सकाळपासून गल्लीच्या ग्रुपवर सगळे त्यांचा हसरा फोटो टाकून राहिले. देवमाणूस म्हणे. असतील. मेलेल्या माणसाबद्दल खोटं लिहायची मला सवय नाही, म्हणून खरं काय ते इथे लिहिते.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. हनुमाननगरच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत माझी व्हिडिओ लायब्ररी होती.

माझी. यांची नाही, सासऱ्यांची नाही. पाटीवर माझं नाव रंगवलेलं होतं.

माझा भाऊ मस्कतला नोकरीला होता, त्याने बीटाची मशीन आणि कॅसेटी आणून दिल्या. तेव्हा व्हिडिओत दोन प्रकार होते, बीटा आणि व्हीएचएस. एकाची कॅसेट दुसऱ्याच्या मशीनमध्ये जायची नाही. बीटाची कॅसेट आकाराने लहान, पण चित्र इतकं स्वच्छ की हिरोइनच्या कानातले खडे मोजून घ्या.

समोर दिनूभाऊंचं किराणा दुकान. माझ्याकडची गर्दी पाहून त्यांनी तेलाच्या डब्यांशेजारी व्हीएचएसच्या कॅसेटी लावल्या.

लावा ना. धंदा कोणीही करावा.

पण मग त्यांनी तराजू काढला.

भर दुपारी, महिन्याचा किराणा भरायला आलेल्या बायांसमोर. एका पारड्यात त्यांची कॅसेट, दुसऱ्यात माझी. माझं पारडं वर गेलं.

"पाहा जी बाई," दिनूभाऊ म्हणाले, "वहिनीच्या कॅसेटीत पिच्चर कापून येते. वजनच सांगून राहिलं."

बाया हसल्या. आणि त्यांना पटलंसुद्धा. जन्मभर डाळ-तांदूळ तोलून घेणाऱ्या बायांना वजनाचंच पटणार.

मी एकेकीला घरी बोलावलं. भिंतीवरच्या घड्याळासमोर बसवून अख्खा तीन तासांचा पिक्चर दाखवला. एक मास्तरीणबाई शेवटपर्यंत बसल्या, दोनदा चहा प्यायल्या आणि जाताना म्हणाल्या, "सगळं बरोबर आहे वं, पण मले थोडं कमीच वाटलं."

आता काय कपाळ बडवून घ्यायचं?

सहा महिन्यांत पाटी उतरवली. सासूबाई म्हणाल्या, "झाली हौस?"

हे म्हणाले, "सोडून दे वं आता."

मी सोडलं नाही. मशीन साड्यांच्या कपाटात ठेवली.

दोन वर्षांनी दिनूभाऊंची आई वारली. मावशी म्हणायचो आम्ही त्यांना. फार मायाळू. लायब्ररी सुरू व्हायच्या आधी माझ्या मुलाच्या बारशाला पाळणा त्यांनीच म्हटला होता. माझा भाऊ तेव्हा सुट्टीवर आलेला, त्याने सगळं बारसं कॅमेऱ्यात घेतलं. मावशींचा आवाज जगात तेवढाच उरला होता.

बीटावर.

तेरवीच्या दोन दिवस आधी दिनूभाऊ दारात उभे. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले.

"वहिनी, ती बारशाची कॅसेट द्या ना. आईचा आवाज ऐकाचा आहे. तेरवीले सगळ्यायले ऐकवतो."

मी लगेच दिली. कागदात गुंडाळून, दोन्ही हातांनी.

दहा मिनिटांत परत आले. त्यांच्या दुकानात चार मशीनी होत्या, चारही व्हीएचएस.

"वहिनी, तुमची मशीन?"

"विकली भाऊ. कमी वजनाचं लोकायले चालत नाही ना."

मशीन आत कपाटात होती. माझ्यापासून आठ-दहा पावलांवर.

ते "बरं" म्हणाले आणि चपला घालून गेले.

सीताबर्डी, सदर, महाल, सगळं पालथं घातलं म्हणे त्यांनी. पण बीटावाले एकेक करून उठले होते. तेरवी झाली, मावशींचा आवाज कोणी ऐकला नाही. मी पंगतीत बसून जेवले. वडे छान झाले होते.

माझ्या मुलाचं बारसंही त्या कॅसेटीसोबत गेलं, हे मला नंतर लक्षात आलं. पण परत मागितली असती तर दिनूभाऊंनी विचारलं असतं, पाहता कशावर? नाही मागितली.

दर दसऱ्याला मात्र पडदे ओढून मशीन काढली. हळदकुंकू वाहिलं, एक जुना पिक्चर लावून चालवून पाहिली. बेल्ट दोनदा बदलून घेतला. अजून चालते.

आणि रोज सकाळी रस्त्यावर, "काय वहिनी, बरं आहे?" "बरं आहे भाऊ." इतकी वर्षं.

आज दर्शनाला गेले तर त्यांच्या मुलीने मला बाजूला नेलं. हातात कागदाची पुडी दिली. मीच बांधलेली.

"बाबा म्हणत, हे वहिनीचं आहे, मी गेल्यावर परत देजो."

मग खाली बघून म्हणाली, "काकू, बाबाले माहीत होतं. दसऱ्याले तुमच्या घरून मशीनवरच्या पिच्चरचा आवाज ये म्हणे."

मी कॅसेट घेतली आणि घरी आले. तेव्हापासून राग येऊन राहिला आहे.

माहीत होतं, तर एकदा यायचं होतं. रस्ताच तर ओलांडायचा होता. "वहिनी, तराजूचं चुकलं," एवढंच म्हणायचं होतं. त्याच क्षणी मशीन काढली असती मी. माणसाने आईच्या आवाजावर पाणी सोडलं, पण हे तीन शब्द काही तोंडातून काढले नाहीत.

पोरी, तू हे वाचशीलच. मशीन आहे. तेरवी झाली की ये, तुझ्या आजीचा पाळणा ऐक. हवा तितक्यांदा ऐक, चहा मी ठेवीन. तुझ्यावर माझा राग नाही.

तुझ्या बापाला मात्र मी आजही ऐकू दिला नसता.

दिनूभाऊ, हार घालून आले आहे. नमस्कारही केला. तुम्ही माफी मागितली नाही आणि मी माफ केलं नाही.

या आता.