नाटक पाठ नसलेला प्रॉम्प्टर

या गावात हे नाटक सगळे बघायला नाही, तपासायला येतात.

लाखांदूर तालुक्यातल्या या गावी मी कालव्याच्या कंत्राटदाराबरोबर आलो. सातवीत शाळा सोडलेली, घर राहिलं पार सांगलीकडं. काम संपलं, कंत्राटदार निघून गेला, आणि राइस मिलच्या मालकांनी मला मिलवर ठेवून घेतलं. राहायला खोली दिली. म्हणून त्यांच्याविषयी लिहायचं तर हात अजून आखडतो. पण त्या नाटकापायी त्यांनी आणि गावानं मला जो ताप दिला, तो लिहायलाच हवा.

संगीत नाटक, जुनं. पुढं त्याचा सिनेमाही निघाला. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे इथली जत्रा, भरते, घरोघरी पाहुणे येतात, तेव्हा गावातलीच माणसं ते उभं करतात. नायक कायम आमचे मालक. आता पासष्टीचे झाले. गेल्या मंडईत तिसऱ्या पदाचा शेवटचा अंतरा विसरले. म्हणून औषधाच्या दुकानवाल्या दिग्दर्शकांनी या खेपेला आधीच सांगून टाकलं, "रंगीत तालमीत अडकलात भाऊ, तर रोल तुमच्या पुतण्याले." मालक त्या दिवशी जेवले नाहीत.

प्रॉम्प्टर मी. कारण गावात ते नाटक पाठ नसलेला मी एकटाच. आधीचे तिघं पडद्याआडून स्वतःच मोठ्यानं गायला लागायचे, नाहीतर वहीतलं सोडून सिनेमातलं सांगायचे. "याले काहीच येत नाही," मालक माझी शिफारस करताना म्हणाले, "वहीत हाय तेवढंच वाचते बिचारा." मी कोंड्याच्या ढिगाआड बसून बोट ठेवून वाचायचा सराव केला. जोडाक्षराला अजून अडखळतो.

आणि मिलवर धान घेऊन येणारा प्रत्येक जण मला शिकवून जाई.

"दुसऱ्या अंकात हिरोइन रुसते ना, तवा खिडकीकडे पायते. सिनेमात दाराकडे पायते. चूक हाय थे."

"दारच बरोबर! खिडकीतून का तो उडी मारून येईन?"

पट्टा फिरतोय, कान बधिर झालेत, आणि हे कानाशी ओरडून विचारणार, खिडकी की दार. मालकीणबाई सिनेमाच्या बाजूच्या. लग्न झाल्या झाल्या पवनीच्या टॉकीजमध्ये त्यांनी तो कितीदा पाहिला, ते त्याच जाणोत. जेवायला वाढताना सांगत, "त्या हिरोच्या डोळ्यात गाता गाता पाणी येते. आमच्या ह्यायच्या नाकात येते." मालक भात कालवत राहत.

रंगीत तालीम रविवारी दुपारी, समाजमंदिरात. बाहेरच्यांनी यायचं नाही असं ठरलेलं, म्हणून अर्धंच गाव आलं. सतरंजीवर पुढच्या रांगेत मालकीणबाई.

तिसरं पद मालकांनी छान चढवलं, आणि शेवटच्या अंतऱ्यापाशी थांबले. पेटीवाला सूर धरून बसला. मी शब्द दिला. पण तो पोचायच्या आत खाली बसलेल्यांतून, डावीकडून नाटकातला अंतरा आला आणि उजवीकडून सिनेमातला, बदललेला.

"असं नाही ना बाप्पा!"

"असंच हाय! तुले का मालूम?"

मालक कधी इकडं बघत, कधी तिकडं. कपाळाचा रंग घामानं गालावर उतरला. दिग्दर्शकांनी पुतण्याकडं पाहिलं.

मी विंगेतून बाहेर आलो. काम जाईल या भीतीनं मी शिंकतोसुद्धा हळू. पण ओरडलो, "गप बसा की जरा सगळी! एवढं येतंय तर या वर, आणि ऱ्हावा उभं!"

ओरडणारे जागच्या जागी खाली बसले. मालकीणबाई म्हणाल्या, "आई गं, हा बोलते का?"

कोणी हसलं नाही. मी वहीवर बोट ठेवून पूर्ण ओळ वाचली, न अडखळता. मालकांनी ऐकली, तोंड उघडलं, काहीच आलं नाही. परत वाचली. आता दोष द्यायला गोंधळही उरला नव्हता. तो मीच बंद केला होता. त्यांनी अंगावरचा नायकाचा शेला काढला, नीट घडी घातली, पुतण्याच्या खांद्यावर ठेवला. "तू कर गा," म्हणाले, आणि खाली जाऊन बायकोशेजारी बसले.

आता खोली सुटली, एवढंच माझ्या डोक्यात. वहीतली अक्षरं दिसेनात. पुतण्यानं पद धरलं, त्याच अंतऱ्यापाशी श्वास घ्यायला थांबला, आणि खालून मालक सुरू झाले. मांडी घातलेली, एक हात गुडघ्यावर, अख्खा अंतरा, एक शब्द इकडचा तिकडं नाही. वर पुतण्यालाच झापलं, "शब्दाच्या मधात श्वास काहून तोडून राहिला बे?"

हे मघाशी कुठं गेलं होतं मालक, असं मला जोरात विचारायचं होतं. पण पेटीवाल्यानं चौथं पद धरलं, आणि मालक नि मालकीणबाई दोघंही एकदम, एकमेकांकडं न बघता, वेगवेगळे शब्द लावून गायला लागले.