रविवारचा उपास

माझे सासरे बालाजीराव, आमचे अप्पा, यांच्यामागून जॉर्ज टाउनमध्ये फिरण्यात मोठी मजा होती. लग्न होऊन नाशिकहून चेन्नईत आले तेव्हा मला तमिळचं अक्षरही कळत नव्हतं. बंदराच्या कचेरीतून निवृत्त झालेले अप्पा शनिवारी मला बाजारात न्यायचे. हातगाड्या, सायकली, गासड्या वाहणारे हमाल, सगळ्यांना बरोबर चुकवत पुढे चालायचे आणि प्रत्येक गल्लीची गोष्ट सांगायचे. त्यांची तंजावरी मराठी निम्मी कळायची, उरलेल्या निम्मीवर मी हसायचे. ते शनिवार फार आठवतात.

मग अप्पा हातगाड्यांना धडकू लागले. आम्ही म्हटलं, वय झालं. नुंगंबाक्कमच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू सांगितला. समोरचं दिसत होतं, कडेचं गेलं होतं, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नाही. अप्पांच्या आईची नजरही अशीच गेली होती, आणि घरचे तेव्हा म्हातारपणावर बोट ठेवून मोकळे झाले होते. आईला असेल तर मुलाने वेळीच डोळे तपासून घ्यायला हवेत, हे आम्हाला कोण सांगणार? बाईंनी बजावलं, रोज थेंब घाला. डोळ्यातला दाब वाढत राहिला तर उरलेलंही जाईल.

अप्पा शिस्तीचे. थेंब स्वतःच घालायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. तरी दर तपासणीला दाब वरखाली आणि नजर आणखी कमी. बाई बुचकळ्यात पडायच्या. एखादा दिवस चुकतो का, असं विचारलं की अप्पा ठामपणे नाही म्हणायचे.

मागच्या महिन्यात त्यांचं मनगट मुरगळलं आणि थेंबांचं काम माझ्याकडे आलं. रविवारी बाटली घेऊन गेले, तर त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

"आज नको, पोरी. उपास आहे."

"उपासाचा आणि डोळ्याचा काय संबंध, अप्पा?"

"थेंब घातला कीं घशांत कडू उतरतें. मग उपास कसला?"

एकादशीला पाण्याचा घोटही न घेणारा माणूस हा. माझं डोकंच फिरलं. "मग बाईंना खोटं का सांगितलंत?"

"खोटें कुठें? उपासाला कांहींच घ्यायचें नसतें. तो चुकलेला दिवस कसा?"

"एकादशीचं समजलं. हा रविवार कुठून काढलात? पूर्वी नव्हता."

"काचबिंदू सांगितला तेव्हांपासून. सूर्याचा उपास डोळ्यांसाठीं करतात. तरी दिसेना, म्हणून गुरुवारही धरला."

माझा राग जागच्या जागी विरला. नजर कमी होईल तसे उपास वाढवले, आणि उपास वाढले तसे थेंब बुडाले. मी आत जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी बाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एक थेंब घातला, डोळा मिटायला लावला आणि नाकाजवळचा कोपरा अप्पांनाच बोटाने दाबून धरायला सांगितलं. थोड्या वेळाने विचारलं, घशात उतरलं का?

अप्पांनी आवंढा गिळून पाहिला. नाही, म्हणाले. मग हळूच विचारलं, गेलेली नजर येईल का?

"ती येत नाही," बाई म्हणाल्या. "आहे ती राखू."

बोट काढा म्हटलं तरी अप्पांनी ते काढलं नाही. बोटाखालून पाणी गालावर आलं. मी रुमाल पुढे करत म्हटलं, औषध सांडतंय.

"औषध नव्हें तें, पोरी," अप्पा म्हणाले.