फुल्या नसलेले आठ महिने

ऐरोलीला राहायला गेलो तेव्हा आमच्या सोसायटीमागे थेट खाडीपर्यंत मोकळं होतं. तो खारा वारा आठवला की अजूनही एकोणीस वर्षांची होऊन त्या गॅलरीत बसावंसं वाटतं. फक्त तेव्हाचा आजार वगळून.

मला फिट्स यायच्या. आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर, गॅस लावल्याच्या तारखेशेजारी, फिटची लाल फुली मारायची. डॉक्टरांकडे जाताना कॅलेंडर खिळ्यावरून काढून, गुंडाळून पिशवीत. गोळ्या बदलल्या आणि आठ महिने एकही फुली नाही. आईला आभाळ ठेंगणं झालं. मी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली असे, तर ती शेजारणींना कौतुकाने सांगे, "गोळ्यांनी पोरगी किती शांत झाली!" शांत कसली, डोंबल! मरून गेले तर बरं, एवढंच डोक्यात चालू असे.

ओळखलं ते दारावर मासे घेऊन येणाऱ्या कोळणीने. माझ्याकडे बघत ती आईला म्हणाली, "ताई, तुजी पोर आताशा हसत नाय. डाक्तरला सांगलं का?"

पुढच्या खेपेला आईने कॅलेंडर उलगडायच्या आतच मला रडू फुटलं. डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं आणि माझं सगळं ऐकून घेतलं. मग तिला आत बोलावून म्हणाले, "हे नैराश्य आहे. फिट्स असणाऱ्यांना होतं. हिचा दोष नाही, आणि यावर उपचार आहेत." रोजची एक गोळी वाढली, दर आठवड्याला त्यांच्याशी बोलायला जायचं ठरलं.

आई मात्र धास्तावली. मनाच्या गोळीने फिट्स परत आल्या तर?

दिवाळीच्या फराळापायी दोन दिवस माझी झोप मोडली आणि फिट आलीच. शुद्धीवर आले तर आई नव्या गोळ्यांची पट्टी केराच्या डब्यात टाकत होती. "नको बाई ही गोळी. आठ महिन्यांची मेहनत पाण्यात गेली."

जीभ चावल्याने धड बोलता येत नव्हतं. तरी मी तिचा हात धरला. "फिट आली तर येऊ दे गं, आई. ही बंद करू नकोस. मला आता जगावंसं वाटायला लागलंय."

आधी मला काय वाटत होतं, ते आईला तेव्हा कळलं. रडत रडतच तिने डब्यातून पट्टी काढली, पदराने पुसली आणि एक गोळी माझ्या तळहातावर ठेवली.