जिताड्याच्या तळ्याची कमिटी

किस्से गोळा करावे लागत नाहीत. गावात एक कमिटी काढा, चार माणसं बसवा, बस! ओहोटीला गाळात उतरल्यावर पायाला चिखल लागतो, तसे किस्से आपोआप लागत जातात. माझी शाळा चौथीत सुटली. मी सोडली की मास्तरांनी, हा वाद अजून मिटलेला नाही. पण आमच्या कमिटीत मी 'ज्येष्ठ सल्लागार' होतो. सल्ला कुणी मागितला नाही, मी दिल्याशिवाय राहिलो नाही!

नव्वदनंतरची गोष्ट. नव्या कायद्यानं आमच्या करावे गावचा खाडीकाठ राखीव झाला. भराव टाकायचा नाही, तिवरं म्हणजे खारफुटीची झाडं तोडायची नाहीत. खाडीतली मासळी तोवर आटत चाललेली. बाया बाजारातून लवकर परत यायच्या, कारण विकायलाच काही नसायचं. तेवढ्यात कळलं, की बेलापूरची एक संस्था राखीव भागातल्या गावांना अनुदान देते. तिवरं जपा आणि पोटाला लागेल असं काहीतरी उभं करा, एवढीच मागणी. आम्ही ठरवलं, मिठागराचं जुनं तळं साफ करायचं आणि त्यात जिताडा वाढवायचा. मासा बायांचा, राखणही बायांची.

पहिल्या हप्त्यात तळं साफ झालं, पिल्लं सोडली. दुसरा हप्ता तपासणीनंतर, त्यातून बांध पक्का करायचा. तो नाही आला, तर पावसात बांध फुटणार आणि जिताडे खाडीत पळणार! एवढंच टेन्शन. बाकी सगळी मजा.

* * *

पहिली मीटिंग समाजमंदिरात. कमिटीत निम्म्या बाया हव्यात, ही संस्थेची अट. सेक्रेटरी माझा पुतण्या दत्ता. बेलापूरला ऑफिसात क्लार्क, खिशाला दोन पेनं. तो म्हणाला, "बायांची फक्त नावं लिहू. त्यांना कशाला त्रास?" आणि अध्यक्षांसाठी त्यानं स्वतःच्या घरून गादीची खुर्ची आणून ठेवली.

तेवढ्यात बाजारातून माझी वहिनी आली. चंद्रावहिनी. टोपली खाली ठेवली आणि थेट त्या खुर्चीत बसली.

मी म्हटलं, "वहिनी, ती अध्यक्षाची खुर्ची हाय!"

"मंग बसलीय ना मी! दत्ता, अध्यक्षाला पानी दे आदी."

दत्तानं पाणी दिलं. अध्यक्षांची निवड 'सर्वानुमते' झाली. खुर्ची आजतागायत दत्ताच्या घरी परत गेलेली नाही.

* * *

संस्थेच्या सबनीस मॅडम आम्हाला शिकवायला यायच्या. गोड बाई, पण बोलायच्या पुस्तकातलं. एकदा म्हणाल्या, "आपल्याला शाश्वत प्रकल्प करायचाय. शाश्वत म्हणजे काय, सांगेल का कुणी?"

दत्ता पेन चघळतोय. मग आमचे खजिनदार उस्मानभाई उठले. त्यांचं जाळ्यांचं आणि दोरांचं दुकान.

"मॅडम, माझी सासू."

"म्हणजे?"

"ईदसाठी आली होती. ईद झाली, तुमचे गणपती झाले, दिवाळी झाली, परत ईद आली. बाई हाय तिथंच हाय! आनि तब्येत सुधारतेच हाय."

मॅडम फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. खांदे हलत होते. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. पुढचा मुद्दा घेऊ."

* * *

तिवराची रोपं लावायचा दिवस. दत्ता नवे बूट घालून आला. फोटो निघणार होता ना!

मी म्हटलं, "दत्ता, गाळ हाय. बूट काढ."

"काका, मला शिकवू नका. मी प्रोजेक्टचा सेक्रेटरी आहे."

चारच पावलं गेला. मग नुसता उभा. आम्ही तिघांनी ओढून काढला तेव्हा दत्ता आला, बूट नाही आले. गाळानं गिळले ते गिळलेच!

दुसऱ्या दिवशी मी त्या जागी एक पाटी रोवली. बाकीच्या रोपांवर होती तशीच. 'जात : काळा बूट. लावणारा : सेक्रेटरी. पाणी घालू नये.'

पुढच्या खेपेला मॅडम एकेक पाटी वाचत निघाल्या. त्या पाटीपाशी थांबल्या. चष्मा पुसला, परत वाचलं. दत्ताला म्हणाल्या, "एकाच जातीची लागवड नको म्हटलं होतं, ते तुम्ही फारच मनावर घेतलंत!"

* * *

रोपं लागली, पण मोठी तिवरं चुलीसाठी तुटतच होती. दत्तानं बोर्ड लावला, 'तिवर तोडणे गुन्हा आहे'. लाकडी बोर्ड, चांगला जाड. आठवड्यात बोर्डच कुणाच्या तरी चुलीत गेला!

दत्ता म्हणाला पोलीस बोलवू. उस्मानभाई म्हणाले कुंपण घालू. मी गंमत म्हणून म्हटलं, "वहिनी, तू गावातल्या पोरींची लग्नं लावतेस. या तिवरांची पन हळद करून टाक."

वहिनी आमच्यात धवलारीण. आमच्याकडे लग्नात धवलारीण गाणी म्हणत विधी करते, तिच्यावाचून पान हलत नाही. मी मस्करी केली, पण ती हसली नाही. रविवारी बाया हळदीचं ताट घेऊन खाडीवर हजर! वहिनी गात होती, बाया एकेका तिवराच्या बुंध्याला हळद फासत होत्या. तासाभरात सगळा काठ पिवळा.

दुसऱ्या दिवशी एक बाई कोयता घेऊन गेली आणि तशीच परत आली. "हलद लागल्यावर कोन हात लावंल गो?" म्हणाली. नवरीवर कोयता कोण चालवणार! ती तोड थांबली ती थांबलीच.

मॅडमनी विचारलं, "संरक्षणाची पद्धत काय लिहू?" वहिनी म्हणाली, "लिवा, मुली आमच्या घरच्या हायत."

* * *

शेवटी तपासणी आली. मॅडमच्या वरचे साहेब जीपनं आले. कुठल्याशा गावानं म्हणे बाजारातले मासे आणून तळ्यात सोडले होते, तेव्हापासून साहेब कुणावर विश्वास ठेवत नव्हते. म्हणाले, "मी बोट दाखवीन तिथंच जाळं टाकायचं."

टाकलं. शेवाळ आलं. दुसरीकडे टाकलं. कोळंबीची पिल्लं आली. तिसऱ्यांदा एक फाटकी चप्पल.

वहिनी म्हणाली, "साहेब, भरती लागलीय. खाडीचं पानी त्या उघाडीच्या दारातून आत येतं, मासा सगला तिकडं गेलाय."

"बाई, मी जातो त्या प्रत्येक गावात मासे तिकडंच गेलेले असतात!" साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "मला जे दिसलं तेच मी लिहिणार."

मॅडमचा चेहरा उतरला. दत्ता बांधाकडे बघत राहिला. आणि वहिनी जाळ्यातलं शेवाळ वेचत बसली. पिल्लं सोडली तेव्हापासून ती रोज या बांधावर बसत होती.

साहेब जीपकडे निघाले. जीप सावली बघून उघाडीपाशीच लावलेली. आम्ही मागोमाग.

धप!

साहेब थांबले. "काय आवाज आहे?"

धप! धप धप! जीप मागून हलत होती. ड्रायव्हर मागच्या पडद्याला पाठ लावून उभा. पँट गुडघ्यापर्यंत ओली.

वहिनीनं त्याला बाजूला केलं आणि पडदा वर केला. हातभर लांब जिताडा स्टेपनीवरून उसळला तो थेट साहेबांच्या पायाशी!

"हे काय आहे?"

ड्रायव्हरनं हात जोडले आणि बोट माझ्याकडे केलं. "साहेब, या काकांनी गळ दिला. म्हणाले, बसून कंटाळशील!"

मी पलीकडच्या काठावरचे बगळे बघत होतो.

वहिनीनं दोन्ही हातांनी मासा उचलला आणि साहेबांच्या नाकासमोर धरला.

"बगितलात ना साहेब? आता बिगीबिगी लिवा. याला परत पान्यात सोडायचाय!"