ताईच्या वजनाची गोणी

लोलक हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो आठवीत असताना मी त्याच्या वर्गाला दोऱ्याला खडू बांधून झोके मोजायला दिले होते. बाकीच्यांनी वीस झोके मोजले, वहीत उत्तर लिहिलं आणि मोकळे झाले. हा मात्र तास संपला तरी खडूकडे टक लावून बसलेला. का रे, म्हटलं, तर म्हणाला, "बाई, तो थांबताना कसा थांबतो ते बघतोय." वर्गाने त्याच दिवशी त्याचं बारसं केलं. पुढे ते नाव त्याच्या गॅरेजच्या पाटीवरही चढलं.

गॅरेज माझ्या घरामागच्याच गल्लीत आहे. जेमतेम दोन गाड्यांची जागा. छपरात एक काच बसवलेली आहे. तिच्यातून सकाळी उजेडाचा एक चौकोन खाली उतरतो आणि दिवसभर फरशीवरून रांगत संध्याकाळी भिंतीवर चढतो. भिंतीला स्प्रिंगा टांगलेल्या. दार लागलं की त्या सगळ्या मिळून बारीक गुणगुणतात आणि आपण दुसरं काही बोलायला लागलो तरी त्यांचं चालूच असतं. लोलक फक्त सस्पेन्शनचं, म्हणजे गाडीचे धक्के झेलणाऱ्या भागांचं काम करतो. गाडी आली की आधी एका कोपऱ्यावर दोन्ही हातांनी दाबून सोडून देतो आणि मान तिरकी करून बघत राहतो. गाडी कशी थांबते, यावरून तिला काय दुखतंय ते त्याला कळतं.

त्याला वाढवलं ते थोरल्या बहिणीने. ताई बसमध्ये कंडक्टर होती. बाजारापासून तलावापर्यंत, एकच मार्ग, सत्तावीस वर्षं. तलाव हा शेवटचा थांबा. तिथे बस वळवून घेईपर्यंत दहा मिनिटं मिळत. तेवढ्यात ताई कठड्यावर पाय सोडून बसायची. पाण्याकडे बघायची, कुणाशी बोलायची नाही. ती दहा मिनिटं आपल्या मालकीची होती, असं ती म्हणते.

उभ्याने खाल्लेल्या त्या सगळ्या धक्क्यांनी ताईचे मणके निकामी केले. निवृत्तीनंतर तिला कुठलंच वाहन सोसेना. दवाखान्यात जाऊन आली की तीन दिवस अंथरुणात. शेवटी तिने बाहेर पडणंच सोडलं. चार वर्षं दोन खोल्या, मधलं अंगण आणि गॅरेजमधली एक खुर्ची, एवढंच तिचं जग. कशाबद्दल तक्रार नाही. फक्त कधीतरी, उजेडाचा चौकोन पायाशी आला की म्हणायची, एकदा त्या कठड्यावर जाऊन बसायचं होतं.

लोलकने एक जुनी गाडी घेतली. तिच्या स्प्रिंगा काढून स्वतः घडवलेल्या लावल्या, शॉकॲब्सॉर्बर उघडून बदलले, चाकांना धरून ठेवणारे दांडे नव्याने जोडले. वर्ष गेलं त्यात. गाडी तयार झाल्यावर त्याने ताईला हाक मारली. ताई म्हणाली, "कागद कुठाय?"

गाडीच्या मूळ भागांत असा बदल केला तर तपासणी केंद्राचं प्रमाणपत्र लागतं, हे त्याला ठाऊक होतं. पण तलाव बारा किलोमीटरवर, त्यातही अर्धा रस्ता ओसाड. एकदाच जाऊन यायचं, कोण बघतंय, असं त्याने म्हणून पाहिलं.

"सत्तावीस वर्षांत मी विनातिकीट कुणाला बसवलं नाही," ताई म्हणाली. "तुलासुद्धा नाही. आणि आता मीच फुकटी होऊ?"

खरंच होतं ते. शाळेत जाताना हा तिच्याच बसने यायचा आणि तिच्याच हातून अर्धं तिकीट घ्यायचा. कागदाशिवाय ताई गाडीत पाऊल टाकणार नव्हती. विषय संपला.

मग तपासणीआधी गाडी ताईच्या वजनाला जुळवून घ्यायचं काम सुरू झालं. रस्त्यावर न्यायची सोय नव्हती, म्हणून शेजारच्या बंद गोदामाच्या आवारात त्याने विटांचे तुकडे पसरले, फळ्या टाकल्या, दोन खड्डे खणले. ताई नाही बसत तर तिच्या वजनाची वाळू गोणीत भरून मागच्या सीटवर डाव्या खिडकीशी ठेवली आणि तिला पट्टाही लावला. ताई जन्मभर उभी राहिली. आता तिने खिडकीशी बसून जायचं, हे त्याचं ठरलेलं होतं. गल्लीतले लोक चेष्टा करायचे. आज ताई गप्प गप्प दिसतात, म्हणायचे. खुर्चीतून ताईच उत्तर द्यायची की ती माझ्यापेक्षा गुणी आहे, उलटून बोलत नाही.

मला तो पुढे बसवायचा आणि मांडीवर वही द्यायचा. काहीही लिहा, म्हणायचा. माझं फळ्यावरचं अक्षर शाळेत नमुना म्हणून दाखवत, ते या गाडीत किती मोडतं यावरून तो स्प्रिंगा पुन्हा उतरवायचा. पहिल्या महिन्यातली पानं मला स्वतःला वाचता येत नाहीत. पुढे ओळी शांत होत गेल्या. एका दुपारी वही भरत आली आणि माझ्या ध्यानात आलं की आपण फळी केव्हा ओलांडली ते कळलंच नाही. बाहेर विटा, गवत, गोदामाच्या फुटक्या काचा हळूहळू मागे सरकत होत्या. पाण्यावरून नेल्यासारखं वाटत होतं. वही ताईला दाखवली. तिने ओळींवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, पास.

दर महिन्याच्या एक तारखेला लोलक ताईला काट्यावर उभं करायचा. जेवण कमी झालं होतं तिचं. ती जितकी उतरेल तितकी वाळू तो गोणीतून काढून दाराजवळच्या डब्यात टाकायचा, म्हणजे हिशेब चुकायला नको. तीन महिन्यांत सहा किलो वाळू निघाली. त्या डब्याकडे आम्ही दोघंही बघत नसू.

तपासणीला गाडी ट्रकवर चढवून नेली. तपासणाऱ्या इंजिनिअर बाई होत्या, चष्मा गळ्यात, बोलणं मोजकं. त्यांनी स्प्रिंगा यंत्रात दाबून पाहिल्या, जोड ठोकून पाहिले, ब्रेक पाहिले. सगळ्यावर बरोबरची खूण. मग म्हणाल्या, मागचं सामान काढा, उंची रिकाम्या गाडीची मोजतात.

लोलकने गोणी उचलली आणि गाडीचा डावा मागचा कोपरा सावकाश वर आला. कुणीतरी उठून गेल्यावर गादी वर यावी, तसा. पट्टी लावली तर दोन बाजूंत वीस मिलिमीटरचा फरक. हेडलाइटचा झोत भिंतीवर तिरका. इतके महिने त्याने ताईचं वजन खिडकीशी धरूनच गाडी सरळ केली होती. ताई नसताना ती कशी उभी राहील, हे त्याच्या मनातच आलं नव्हतं.

"यात कोण बसतं?" बाईंनी विचारलं.

"ताई."

"आत्ता आहेत का त्या?"

"नाही."

"मग गाडी सरळ उभी राहायला हवी," त्या म्हणाल्या आणि नापासचा कागद दिला. देताना एवढंच बोलल्या की स्प्रिंगा चांगल्या घडवल्या आहेत, सहा आठवड्यांनी पुन्हा या.

त्या संध्याकाळी तो गॅरेजमध्ये गोणीशेजारी बसून होता. दोन्ही बाजूंना सारख्या स्प्रिंगा लावल्या तर ताई खिडकीशी बसल्यावर गाडी कलणार, कललेल्या गाडीत ताईची पाठ पिळवटणार. आणि सहा आठवड्यांत डब्यात अजून किती वाळू पडेल, कुणास ठाऊक. ताईने कागद हातात घेतला, मागून पुढून वाचला.

"मला मधे बसव की," ती म्हणाली.

"मधे? खिडकी सोडून?"

"अरे, खिडकी प्रवाशांची. कंडक्टर मधेच असतो."

 त्याने उठून गोणी सीटच्या मधोमध ठेवली, तिला मधला पट्टा लावला आणि दोन्ही बाजूंना सारख्या स्प्रिंगा घडवायला घेतल्या.

सहा आठवड्यांनी बाईंनी पट्टी लावली, दोन्हीकडे सारखी. चष्मा डोळ्यांवर चढवून सही केली.

आम्ही निघालो त्या दिवशी हवा धुरकट, मऊ होती. ताईने प्रमाणपत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचलं, घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवलं, मधे बसली, पट्टा लावून घेतला. मी पुढे. मग पुढच्या सीटच्या पाठीवर तिने बोटाने दोनदा वाजवलं. दोन घंट्या म्हणजे सोडा, एक म्हणजे थांबवा, हे लोलकला लहानपणापासून पाठ.

बाजार गेला, शेवटची घरं गेली. ताई प्रत्येक थांब्याचं नाव हळूच घेत होती. चौथ्या थांब्यानंतर नाव आलं नाही. मी मागे वळून पाहिलं. ताई झोपली होती. मान किंचित डुलत होती, तोंड अर्धवट उघडं. चार वर्षं जिला गादीवरही धड झोप नव्हती, ती चालत्या गाडीत झोपली होती. लोलकने आरशात पाहिलं आणि वेग आणखी कमी केला.

तलाव आला. बस वळवायचं गोल मैदान, मधे एकुलतं झाड, पलीकडे कठडा आणि राखाडी पाणी. तो थांबेना. थांबलो तर उठेल, असं पुटपुटला आणि मैदानाला फेरी घातली. मग दुसरी. पाणी खिडकीतून येई, जाई, पुन्हा येई. तिथे उभ्या असलेल्या बसचा ड्रायव्हर आधी हसला, मग तोही नुसता बघत राहिला. कितव्या फेरीला माहीत नाही, मागून आवाज आला.

"अरे, शेवटच्या थांब्यावर झोपलेल्या प्रवाशाला उठवायचं असतं. एवढंही शिकला नाहीस?"

"केव्हाच पोचलोय, ताई," तो म्हणाला.

सीटच्या पाठीवर एकदाच वाजलं. गाडी थांबली, आणि ती केव्हा थांबली ते आमच्या अंगाला कळलंसुद्धा नाही.

त्याने तिला उतरवलं, हाताला धरून कठड्यापर्यंत नेलं. ताईने चपला काढल्या, पाय पाण्याकडे सोडले आणि मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"दहा मिनिटं," ती म्हणाली. "तोवर कुणी बोलू नका."