पिझ्झाच्या दुकानातला चंदनाचा हार

अन्याय झाला तो एका बाईवर, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. वेळ माझ्या बिलावर छापलेली आहे. त्या वेळी ती अकोल्यात पिठात हात घालून उभी होती, चांगली धडधाकट, आणि अमरावतीत मी तिच्या फोटोला हात जोडून तिला मेलेली ठरवत होते. हार दुसऱ्यानं घातला होता. छापलं मात्र मी.

आम्ही चौघीजणी कॉलेजपासून पत्रकं काढतो. बसस्टँडवरचं पिण्याचं पाणी, होस्टेलची मेस, असले विषय. ह्या वेळी विषय पिझ्झा. हसू नका. समोर उभं राहून काय-काय घालायचं ते बोटानं दाखवायचं आणि पाच मिनिटांत गरम पिझ्झा हातात, अशी दुकानं आता दोन्ही शहरांत निघाली आहेत. त्यातली दोन एकमेकांच्या उरावर बसलेली. अमरावतीच्या दुकानाचं होर्डिंग अकोल्याच्या बसस्टँडसमोर, अकोल्याच्या दुकानाचं इथं. दोघंही म्हणतात, खरा वऱ्हाडी पिझ्झा आमचाच. दोन्हीकडं खायचं आणि कुणाचं खरं ते छापायचं, असं आम्ही ठरवलं.

अमरावतीच्या दुकानात शिरताच आधी अगरबत्तीचा वास आला, मग वितळत्या चीजचा. काउंटरमागं मोठा फोटो. पन्नाशीची बाई, मनगटापर्यंत पीठ, हनुवटीवर तीळ, नजर थेट आपल्यावर. वर लिहिलेलं, ‘आईच्या हातचा’. फोटोला चंदनाचा हार.

खाली दोन मुली पिठाचे गोळे पसरवत होत्या. गोळा हाती घेतला की पसरवण्याआधी दोघीही त्याला दोन टिचक्या मारायच्या. टक, टक. एकीच्या दोन झाल्या की दुसरीच्या दोन.

“हे काहून करता?” मी विचारलं.

“आई करायच्या,” एक म्हणाली.

“कशासाठी?”

“ते नाही माहीत. करायच्या.”

फोटोकडं दोघींनीही पाहिलं नाही. मी हात जोडले. पिझ्झा मधे कच्चा होता. खाताना दाताला पीठ चिकटत होतं. ते मी लिहिलं नाही. गेलेल्या बाईचा हात कच्चा होता असं कोण लिहील? मी लिहिलं, ‘स्वर्गीय आईंची चव इथं अजून टिकून आहे.’ अकोल्याची वाट न पाहता पहिला भाग त्याच संध्याकाळी छापला, वाटला, फोनवरूनही पाठवला.

चार दिवसांनी अकोल्याला गेले. इथलं दुकान जरा साधं, पण स्वयंपाकाची खोली काचेची. मी रांगेत होते. काचेपलीकडं एका बाईनं गोळा उचलला आणि टिचकी मारली. एक. मग कान गोळ्याजवळ नेऊन थांबली. मग दुसरी. मान वर केली तेव्हा हनुवटीवरचा तीळ दिसला.

मी रांग सोडून काचेला चिकटून पाहत राहिले. ती बाहेर आली, माझ्यासमोर उभी राहिली.

“काय वो पोरी, भूत पाह्यल्यासारखी काहून पाहून राहिली?”

“मावशी,” मी कसंबसं म्हटलं, “अमरावतीच्या दुकानात तुमचा फोटो...”

“हाये ना. उद्घाटनाले काढला होता.”

“त्याला हार घातलाय.”

तिनं अ‍ॅप्रनला हात पुसले. “फुलाचा?”

“चंदनाचा.”

ती हसली. “मेली तं मेली. निदान चांगल्या साडीतला फोटो तरी लावाचा होता मेल्यानं!” हसता हसता तिनं एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट चाचपलं. नाडी पाहावी तसं. तिच्या ते लक्षातही आलं नसावं.

मग एका स्टुलावर बसून तिनं सांगितलं. माहेर दर्यापूरकडचं, माळ्याचं. घरचं टरबूज. वडील टिचकी मारून आवाजावरून सांगायचे कुठलं पिकलं, कुठलं नाही. तोच कान तिनं पिठाला लावला. पीठ फुगलं की आवाज पोकळ येतो, नसेल फुगलं तर दबका. अमरावतीच्या मालकाकडं तिनं वर्षभर पीठ मळलं, त्या दोन मुलींना शिकवलं, आणि त्या शिकल्या असं वाटताच मालकानं तिला उद्यापासून येऊ नका म्हटलं. ती त्याची आई नव्हतीच. त्याची आई गावी आहे, ठणठणीत.

“ठोकतात दोघी अजून?” तिनं विचारलं.

“ठोकतात.”

“आइकत नसतील,” ती म्हणाली.

म्हणूनच तर पिझ्झा कच्चा होता.

ती अकोल्यात खोली करून राहते, घर अमरावतीत. तिचा इथला मालक दिवाळीनंतर अमरावतीत दुकान काढतोय. तिथं समोरच्या ओव्हनवर ती उभी राहणार होती, रोज घरी जाणार होती. मग माझं पत्रक, त्या फोटोसकट, त्याच्या फोनवर आलं. तो तिला एवढंच म्हणाला, की मावशी, तुम्ही इथंच बऱ्या, तिथं लोक दचकतील. का, ते तिला माझ्याकडून कळलं. चंदनाचा हार एकानं घातला, आणि घरचा रस्ता बंद झाला तो माझ्या ओळीनं.

मी अमरावतीच्या मालकाकडं गेले.

“ती जिवंत आहे,” मी म्हटलं.

“मग मी कुठं म्हटलं मेली म्हणून?” तो शांतपणे म्हणाला. “कुठं लिहिलंय दाखवा. लोक रोज विचारायचे, आई कुठं, आई कुठं. हार घातला, विचारणं बंद झालं.”

“काढा तो.”

“आता काढला तर पुन्हा विचारतील.”

तो बोलत होता तेवढ्यात एक जोडपं लेकरू घेऊन आलं. “जय कर,” आई म्हणाली. लेकरानं फोटोला हात जोडले. आणि फोटोशेजारी मला चौकट दिसली. काचेत माझं पत्रक. ‘स्वर्गीय’ ह्या शब्दाखाली लाल रेघ.

सुटीच्या दिवशी मी मावशीला घेऊन गेले. मला वाटलं, ती समोर उभी राहिली की संपलं. दुपारची वेळ, दुकान भरलेलं. ती आपल्याच फोटोखाली जाऊन उभी राहिली. तीच हनुवटी, तोच तीळ. लोकांनी तिच्याकडं पाहिलं, वर पाहिलं, परत मेन्यूकडं पाहिलं. त्या दोन मुलींनी तिला पाहिलं. एकीचं बोट टिचकीसाठी उचललेलं, तसंच राहिलं. मग मालकाकडं बघून तिनं मान खाली घातली आणि टक, टक. मालक गल्ल्यावर हिशेब करत राहिला.

रांगेतल्या एका बाईनं मोठ्या मायेनं विचारलं, “तुम्ही त्यांच्या बहीण का?”

मी बोलणार होते. त्याआधीच मावशी म्हणाली, “व्हय.”

बाहेर आल्यावर मी भडकले. “काहून हो म्हणालात?”

“काय सांगू तुले,” ती म्हणाली, “त्या फोटोखाली उभी होती न, तं मलेच वाटून राहिलं का खरी तेच हाये. मी आपली कोनी पाहुनी.” ती रिक्षात बसली. रस्ताभर तिचा हात मनगटावर होता.

दुरुस्तीचं पत्रक मी काढलं. कुणी वाचलं नाही. चौकटीत पहिलंच आहे.

म्हणून आता तुम्हाला सांगते. दुकान ओळखायला अवघड नाही: काउंटरमागं पीठभरल्या हातांची बाई, चंदनाचा हार, शेजारी माझं पत्रक. पुढच्या वेळी तिथं जाल तेव्हा हात जोडू नका. काही मागवायच्या आधी, रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणा, “ही बाई जिवंत आहे, हार काढा.” ते हसतील, नंतर बघू म्हणतील. जागचे हलू नका. दिवाळीच्या आत तो हार खाली आला पाहिजे, आणि माझं पत्रकही. तुमच्या डोळ्यांसमोर काढायला लावा.