धुरे फोडून केलेलं मैदान

ओल्या तणसीचा वास आला की माझी बोटं अजून आखडतात. नवेगाव बांधकडच्या आमच्या फुटबॉल स्पर्धेचं ते तिसरं आणि शेवटचं वर्ष. धान कापून झालं होतं, म्हणून चार बांध्यांमधले, म्हणजे भातखाचरांमधले, मातीचे धुरे फोडून आम्ही मैदान केलं होतं. अंतिम सामना एक-एक गोलच्या बरोबरीत असताना कालव्याचं पाणी ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच सुटलं. अडवायला धुरा नव्हता. पाणी मैदान ओलांडून सरळ खालच्या बांधीत निघालं. तिथे एका एकट्या राहणाऱ्या बाईनं उन्हाळी धानाच्या रोवणीसाठी पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, टाकले होते. "माहे पऱ्हे वाहून राहिले रे, काऊन नुसते पाहून राहिले?" ती ओरडत धावत आली. दोन्ही संघ चिखलात उतरले. आम्ही धुऱ्याच्या जागी हातांनी माती आणि ओली तणस ओढली, जर्सी काढून कोंबल्या, शेवटी ओळीनं आडवे पडलो; पाणी आमच्या अंगावरून गेलं. सगळं हिरवं वाहून गेल्यावर ती शिव्या देईल असं वाटलं. ती एवढंच म्हणाली, "आता बांधीत काय लावू, बापू?" दुसऱ्या दिवशी आम्ही बावीस जणांनी धुरे पुन्हा बांधले; परत कधी फोडले नाहीत. स्पर्धा काऊन बंद पडली, असं आजची पोरं विचारतात. मैदान मिळालं नाही, असं मी सांगतो.